मूसच्या शिकारीचे काडतूस

मूस हा हरिणकुळातील आज हयात असलेला सर्वांत मोठा प्राणी. आपले सांबर याच कुळातले, पण मूसचा वाढलेला नर स्कँडिनेव्हियात ४०० किलोच्या पुढे आणि अलास्कात ६०० किलोच्या पुढे जातो. एवढ्या जनावराला जबर ताकदीचेच काडतूस लागते, असा समज सहज होतो. स्वीडन-नॉर्वेतील शिकाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे.

तेथे पिढ्यान्‌पिढ्या मूस मारला गेला तो ६.५×५५ या मध्यम काडतुसाने. हे मुळात लष्करी काडतूस. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली असताना, १८९० च्या दशकात, दोन्ही सैन्यांसाठी ते ठरवले गेले. त्याची सुमारे १० ग्रॅमची गोळी बारीक पण लांब असते, म्हणून ती खोल शिरते. मूस गोळीच्या धक्क्याने मरत नाही. दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय फाटून रक्तस्राव झाला की मरतो, आणि अचूक गोळी लागल्यावरही बरेचदा काही क्षण उभा राहतो किंवा थोडे अंतर चालून मग कोसळतो. म्हणून गोळी आत फुलली पाहिजे, आणि फुलूनही एकसंध राहून छातीपार गेली पाहिजे.

स्वीडनचा कायदा हेच आकड्यांत मांडतो. मूससाठी फुलणारी गोळी सक्तीची असते. ती किमान १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिची ऊर्जा निदान २००० ज्यूल हवी. ९ ते १० ग्रॅमची असेल तर २७०० ज्यूल. त्यामुळे त्याच ६.५×५५ मध्ये ८ ग्रॅमची गोळी भरली, तर ते काडतूस मूससाठी बाद ठरते. नुसते काडतुसाचे नाव पाहून निवड करण्यातली चूक येथे उघड होते.

गोळीची घडण किती निर्णायक असते, हे जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याने १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात अनुभवले. त्याच्याकडे .३०० एच अँड एच मॅग्नम हे जोरकस काडतूस होते, पण चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात त्याच्या गोळ्या पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यातून त्याने ‘पार्टिशन’ गोळी घडवली. तिच्यात तांब्याची आडवी भिंत शिशाचे दोन भाग करते. पुढचा फुलतो, मागचा आकार न सोडता आत जात राहतो.

.३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ ही आज सर्वाधिक सोयीची काडतुसे: गोळ्यांचे पर्याय भरपूर, खांद्याला बसणारा धक्का सोसण्याजोगा. बर्लिनच्या ओटो बॉकचे १९०५ चे ९.३×६२ साडेअठरा ग्रॅमची गोळी फेकते. दाट जंगलातील जवळच्या नेमाला ते फार उत्तम. अलास्कात .३३८ विंचेस्टर मॅग्नम लोकप्रिय आहे, कारण तेथे तपकिरी अस्वलाशीही गाठ पडू शकते. मात्र धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग आखडले, तर वाढीव ताकद वाया जाते आणि जनावर जखमी होऊन निसटते. नॉर्वेत मोठ्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, १०० मीटरवर पाच गोळ्या. ज्या काडतुसाने ती परीक्षा निश्चिंतपणे पार पडते, तेच त्या शिकाऱ्याने निवडावे.

गोळी फुलताना तिच्यातील शिशाचे कण जखमेभोवतीच्या मांसात विखुरतात, म्हणून तो भाग सढळपणे कापून टाकतात. संपूर्ण तांब्याच्या गोळीने हा प्रश्न सुटतो. पण तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि ती आपल्या रायफलच्या नळीतून नेमकी जाते का, हे आधी चांदमारीवर तपासावे लागते.