फ्लोराइड आणि लहान मुलांचे दात

फ्लोरिन या मूलद्रव्याचे क्षाररूप म्हणजे फ्लोराइड. ते माती, खडक, भूजल आणि चहाच्या पानांत निसर्गतःच आढळते. रोज थोडेसे फ्लोराइड दातांच्या पृष्ठभागाला लागत राहिले, की दात किडण्याला अटकाव होतो. वाढत्या वयात ते प्रमाणाबाहेर पोटात जात राहिले, तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही बिघडतात. म्हणून लहान मुलांसाठी ते वापरताना मात्रा नीट पाळावी लागते.

बालदंतक्षय : दुधाचे वीस दात साधारण सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत येतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरच्या आम्लतेचा सामू ५.५ च्या आसपास उतरला, की एनॅमल या दाताच्या टणक बाह्य थरातले कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. रात्री तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा : पुढच्या दातांवर हिरडीलगत निस्तेज पांढरे पट्टे दिसले, तर ती किडीची पहिली खूण असते. या टप्प्यावर नुकसान भरून येऊ शकते. पट्टे तपकिरी होऊन खड्डा पडला, की येत नाही. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हणून घरोघरी दुर्लक्ष होते. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या, की मुलाचे खाणे आणि झोप बिघडते, आणि त्या लवकर काढाव्या लागल्या तर कायमच्या दातांची जागाही जाते.

कार्य : लाळेत फ्लोराइड असले, की विरघळलेली खनिजे एनॅमलमध्ये लवकर परत बसतात. नव्याने बसलेला थर फ्लोराइडयुक्त असल्याने आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. जंतूंची आम्लनिर्मितीही काहीशी मंदावते. हा परिणाम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर घडतो, त्यामुळे फ्लोराइड गिळण्यापेक्षा लावणे मोलाचे.

शोध : अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला स्थानिक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात सहसा किडत नसत. आयडाहोतील ओकली गावात नव्या झऱ्याचे पाणी नळाने आणल्यावर असेच डाग उमटले होते. मॅकेच्या सल्ल्याने गावाने ते पाणी सोडले आणि त्यानंतर धाकट्या मुलांचे नवे दात स्वच्छ आले. १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम कंपनीतले रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी असेच डाग दिसत असलेल्या बॉक्साइट या गावाच्या पाण्यात फ्लोराइड शोधले आणि कोडे सुटले. दहा लाख भागांत सुमारे एक भाग (१ पीपीएम) फ्लोराइड असेल तर कीड घटते आणि डागही फारसे पडत नाहीत, हे दंतसंशोधक ट्रेंडली डीन यांनी दाखवले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले. त्यानंतर जन्मलेल्या तिथल्या मुलांत किडीचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले. आज फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्वत्र मिळत असल्याने पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा लाभ पूर्वीपेक्षा कमी दिसतो.

टूथपेस्ट : घरात सहज करता येणारा उपाय हाच. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १,००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि ते प्रमाण ट्यूबवर छापावे, असा नियम आहे. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. १,००० पीपीएमच्या तांदूळभर पेस्टमध्ये सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, त्यामुळे थुंकता न येणाऱ्या बाळाने ती गिळली तरी काळजी नसते. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पेस्ट मुलाला देऊ नये. दिवसातून दोनदा, त्यांतले एकदा झोपण्यापूर्वी, मोठ्या माणसाने स्वतः मुलाचे दात घासून द्यावेत. घासल्यावर थुंकावे, भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत.

व्हार्निश : पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा हा चिकट लेप दवाखान्यात लावतात. मूल आईच्या मांडीवर बसते आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवते. दात कापडाने टिपून छोट्या ब्रशने लेप फिरवला, की लाळ लागताच तो घट्ट होतो. हे काम काही मिनिटांचे असते आणि दर तीन ते सहा महिन्यांनी करतात. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात व्हार्निशमुळे दुधाच्या दातांतील कीड सरासरी ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. खड्डा पडलेल्या दातात सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावले तर ड्रिल न वापरता कीड थांबू शकते; मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. फ्लोराइड टूथपेस्ट आणि हे द्रावण, दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

भारतातील पाणी : पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा अमेरिकी उपाय इथे सरसकट लागू पडत नाही, कारण अनेक भागांत भूजलातच ते जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांना फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दात व हाडे बिघडण्याच्या विकाराची, झळ बसली आहे. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याचे ‘नालगोंडा तंत्र’ नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केले. अशा गावांत हातपंपाचे किंवा बोअरवेलचे पाणी आधी तपासून घ्यावे. प्रमाण जास्त निघाल्यास मुलांच्या पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरे पाणी आणावे आणि कोणती पेस्ट वापरायची ते दंतवैद्याला तपासणीचा आकडा दाखवूनच ठरवावे.