भापूश्र, सा. न. वि. वि. आणि मधले आपण

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी गेले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी मीच टाकली. तासाभरात साठ-सत्तर मेसेज आले. त्यातले निम्म्याहून जास्त एकच शब्द: भापूश्र. कोणी मधे टिंबं दिली होती, कोणी नव्हती. एकाने नुसतंच "श्र" टाकलं. गुरुजींची नात शहरात इंग्रजी शाळेत शिकते, वडिलांचा फोन तिच्या हातात होता. तिने मला वेगळा मेसेज केला, "काका, भापूश्र हे कोणाचं आडनाव आहे का?"

मी तिला सांगितलं, भावपूर्ण श्रद्धांजली. तिचं उत्तर आलं, "अच्छा." मग थोड्या वेळाने, "मग आजोबांबद्दल कोणी काही लिहिलंच नाही का?"

तोवर ग्रुपवर भांडण पेटलं होतं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, मोबाइलवाल्या पोरांनी मराठीचा खून केला. लगेच एका पोराने स्क्रीनशॉट टाकला: पहिला भापूश्र त्याच ज्येष्ठांचा! खरं सांगायचं तर सगळे भापूश्र पन्नाशीच्या पुढचेच होते. पोरांनी आरआयपी टाकलं होतं, म्हणजे तेही आपलं नव्हेच, मूळ लॅटिन. असो. पण हा शॉर्टफॉर्मचा रोग मोबाइलने आणला, हे मला काही पटेना. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

आपल्या घरातली जुनी पत्रं काढा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्याआधी शि. लागला तर शिरसाष्टांग, आणि सा. च्या जागी स. आला तर सप्रेम. एका काना-अक्षरात माणसाची पायरी बदलायची. लहानांना अ. उ. आ., अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी क. लो. अ., कळावे, लोभ असावा. राहिलेलं ता. क. मध्ये. पाकिटावर मु. पो., ता., जि. आणि गाव सोडलेला असेल तर हा. मु. हे सगळं आजोबा-पणजोबांनी लिहिलेलं आहे, आणि त्यांना कोणी मराठीचे खुनी म्हटलं नाही.

त्याही मागे जा. मोडी कागदात तर लघुरूपांचं रानच आहे. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, बि॥ म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. सु॥ म्हणजे सुहूर सन. तारखेच्या आधी नुसता छ, म्हणजे चंद्र. बोरू न उचलता झरझर लिहायची ती लिपी, आणि कारकुनाला रोज तेच तेच शब्द शंभर वेळा लिहायचे. तो कशाला पूर्ण लिहील? 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आमच्या भागातले एक मोडी वाचक मला म्हणाले, "अक्षरं महिन्याभरात येतात हो, पण ही दोन दांड्यांची लघुरूपं आयुष्य खातात." कारकुनाला आणि त्याच्या साहेबाला ती पाठ होती. ज्याच्या जमिनीचा कागद होता, त्याला बहुतेक वेळा वाचताच येत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग 1879 मध्ये हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. जागा तेवढीच, त्यामुळे नमस्कार आणखी आखडले. पुढे घराघरात तारेची धास्ती आली. तारेत शब्दागणिक पैसे, त्यामुळे "वडील गंभीर, ताबडतोब निघा" एवढ्यात भागवायचं. दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश यासाठी तर तारखात्याने ठरावीक वाक्यांना नंबर दिले होते. तुम्ही फक्त नंबर सांगायचा, पलीकडे पूर्ण शुभेच्छा छापून जायची. 14 जुलै 2013 च्या रात्री ती तारसेवा बंद झाली. तेव्हा मी बातमी केली होती. तार ऑफिसातले एक जुने कर्मचारी म्हणाले होते, लोक खिडकीशी उभे राहून शब्द खोडायचे, पण मेलेल्या माणसाचं नाव कधी खोडलं नाही.

मोबाइलची गोष्ट आपल्या वयाच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं बसायची. देवनागरीत फक्त 70, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळं मोजलं जायचं. "शुभेच्छा" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, फोनच्या हिशेबात तो आठ होतो. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" म्हणजे 29. म्हणजे नाव आणि दोन शब्द लिहिले की मेसेज भरत आला. शिवाय समोरच्याचा फोन साधा असला तर त्याला नुसते चौकोन दिसायचे. सणाच्या दिवशी कंपन्या एसएमएसच्या सवलती बंद ठेवायच्या, तो भुर्दंड वेगळा. मग लोकांनी रोमन लिपीत मराठी लिहिलं आणि स्वर गाळले, ह्यात नवल काय? आपल्या भाषेला त्या यंत्रात निम्म्याहून कमी जागा होती. दोष पोरांचा नव्हता.

आणि बाहेरच्यांचंही तेच. आपण दिवसाला पन्नास वेळा म्हणतो तो ओके 1839 मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापला गेला. "ऑल करेक्ट" मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून केलेली ती थट्टा. तेव्हा तिथे अशा थट्टेच्या लघुरूपांची लाटच होती, त्यातलं हे एक जगभर टिकलं. ओएमजी तर 1917 मध्ये ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडतं. फिशर तेव्हा 76 वर्षांचे होते!

आपल्याकडे तर लघुरूपाला प्रेमसुद्धा मिळतं. पुलं, वपु, गदिमा, जीए. पूर्ण नाव घेतलं तर उलट परकं वाटतं. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि तेव्हापासून ती एसटी. "स्टेट ट्रान्सपोर्टने आलो" असं कोणी म्हणत नाही. सातबारा तर निव्वळ आकडे आहेत, गावनमुना 7 आणि गावनमुना 12. पण शेतकऱ्याला विचारा, त्याला त्या आकड्यांमागचं सगळं दिसतं.

म्हणून सरसकट "शॉर्टफॉर्म वाईट" म्हणणाऱ्यांत मी नाही. पण लघुरूप नेहमीच निरागस असतं असंही नाही. जुन्या पाकिटावर बाईच्या नावाआधी काय असायचं ते आठवा. सौ., कु. किंवा गं. भा. गंगा भागीरथी, म्हणजे विधवा. दोन अक्षरांत पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं की हिचा नवरा नाही. पुरुषाला आपलं सरसकट श्री., बायको असो, नसो, गेलेली असो. एप्रिल 2023 मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी "विधवा" ऐवजी "गं. भा." वापरण्याचा विषय काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. पूर्ण रूप कितीही पवित्र असो, लघुरूप चिकटायचं ते शिक्क्यासारखंच.

माझीही एक फजिती सांगतो. नवीन नवीन पत्रकारितेत होतो, एका छोट्या दैनिकात. सत्काराची बातमी हाताने लिहून पाठवली. सत्कारमूर्तींच्या नावाची आद्याक्षरं "के." पासून सुरू होत होती. दुसऱ्या दिवशी छापून आलं "कै." एक मात्रा जास्त! सकाळी दहा वाजता ते स्वतः हार घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, "आता हा तुम्हीच माझ्या फोटोला घाला." मात्रा माझ्या अक्षरातली होती की जुळणी करणाऱ्याची, हे आजवर ठरलेलं नाही. संपादकांनी मात्र माझीच धरली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ती जुनी पत्रं पुन्हा एकदा नीट बघा. त्यात लघुरूप कशाचं आहे? नमस्काराचं, पत्त्याचं, निरोपाचं. म्हणजे जे दोघांनाही पाठ आहे त्याचं. मजकूर मात्र पूर्ण. म्हैस किती दूध देते, आक्काचा खोकला कसा आहे, पाऊस कुठवर आला, हे सगळं सविस्तर. आणि मृत्यूचं पत्र तर कोपरा फाडून यायचं. ते वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पण त्यात माणूस कधी गेला, कसा गेला, शेवटी कोण जवळ होतं, हे लिहिलेलं असायचं.

आपण ते उलटं केलं आहे. सकाळी सुप्रभातचं चित्र: फूल, सूर्य, आठ ओळींचा सुविचार, सगळं पूर्ण. आणि माणूस गेला की भापूश्र. जागेची अडचण आता नाही, पैसेही लागत नाहीत. लघुरूपाची जी जी कारणं इतिहासात होती, त्यातलं एकही आज शिल्लक नाही.

याच उलट्या पद्धतीची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या मावशी फोन घेऊन आल्या. "दादा, हे काय म्हणतंय बघ रे." मेसेज होता, ई-केवायसी अपूर्ण, एनपीसीआय मॅपिंग नाही, डीबीटी थांबवण्यात आली आहे. मावशींचे एका योजनेचे पैसे चार महिने आले नव्हते. मेसेज पहिल्याच महिन्यात आला होता. त्यांनी तो कंपनीचा जाहिरातीचा मेसेज समजून सोडून दिला. मराठीतच होता, देवनागरीत होता. फक्त ज्या तीन शब्दांवर सगळं अडलं होतं, ते तीन शब्द त्यांच्यासाठी मौ॥ आणि बि॥ होते. "तुमच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नाही, म्हणून पैसे येणार नाहीत, बँकेत जा" एवढं लिहायला काय हरकत होती? वर मेसेजची सुरुवात "सन्माननीय लाभार्थी" अशी पूर्ण शब्दांत होती बरं का.

मित्रांमध्ये जीएम, जीएन, ओके, एचबीडी, काय हवं ते चालवा. दोघांना कळतं तर तिसऱ्याने बोलू नये. पण जो वरून खाली लिहितो, ऑफिस, बँक, सोसायटी, ग्रामपंचायत, शाळा, त्याने समोरच्याला काय पाठ आहे ते आधी बघावं. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर "जेजेएम कामामुळे पा. पु. बंद" असं मी स्वतः वाचलं आहे. अर्ध्या गावाने त्या दिवशी नळाखाली रिकामे हंडे लावून ठेवले होते.

गुरुजींच्या नातीला त्या रात्री मी ग्रुप पुन्हा वरपासून खाली चाळून दाखवला. भापूश्रच्या गर्दीत एक मेसेज मधेच अडकला होता. गावातल्या एका गॅरेजवाल्याचा. शुद्धलेखनाच्या बाराशे चुका, विराम नाहीत. "सरांनी माझी फी दोन वर्ष भरली घरी सांगीतल नाही मला पन सांगीतल नाही दहावी झाल्यावर क्लार्क नी सांगीतल." तिने तो मेसेज वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनाही हे माहीत नव्हतं.

ता. क. – मावशींचे पैसे अजून आलेले नाहीत. उद्या सकाळी त्यांच्याबरोबर पुन्हा बँकेत जातोय.