नरोलीची वाट : मुंबईकरांच्या एका दिवसाच्या सहलीचा इतिहास

राजधानीत राहणाऱ्या माणसाला राजधानीचा वीट येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबई शहर कोटाच्या आत मावत होते तेव्हाही सुट्टीचा दिवस आला की मंडळी शहराबाहेर जावयास निघत, आणि त्यांचे ‘बाहेर’ म्हणजे वाळकेश्वर. गौड सारस्वत समाजातील रामा कामती यांनी १७१५ च्या सुमारास वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले, त्या वेळी मलबार टेकडी ही वस्तीपासून दूर, रानातली जागा होती. पहाटे निघावे, बाणगंगेत स्नान करावे, देवदर्शन घ्यावे, झाडाखाली पाने मांडावीत आणि दिवेलागणीस घरी परतावे, अशी ती सहल. पुढे शहर त्या टेकडीवर चढले आणि सहल आणखी दूर सरकली. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावू लागली. १८६४ मध्ये बी. बी. सी. आय. कंपनीचा मार्ग ग्रँट रोडपासून सुरतेच्या पलीकडे उत्राणपर्यंत सुरू झाला. तेव्हापासून वसईच्या पुढचा सारा उत्तर कोकण मुंबईकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात येऊ लागला.

या सहलींचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या माणसांना नुसते हिंडणे कधी फारसे रुचले नाही. वाटेच्या शेवटी एखादा देव असावा लागे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी केलेल्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ आणि तेथील उष्णोदकाची कुंडे, चैत्रातल्या यात्रेने गजबजणारी डहाणूची महालक्ष्मी, ही ठिकाणे मुंबईकर कुटुंबांच्या परिचयाची झाली ती याच कारणाने. ‘हवापालट’ हा शब्द मागाहून आला. त्याआधी ‘यात्रा’ होती, आणि हवा तिच्यात आपोआप पालटत असे.

आज हा टप्पा दादरा व नगर हवेलीपर्यंत पोहोचला आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून निघणाऱ्या मोटारी दादऱ्याच्या वनगंगा तलावाकडे, सिल्वासाच्या बागांकडे, खानवेलच्या डोंगरउतारांकडे आणि मधुबन धरणाच्या पाण्याने निर्माण झालेल्या दुधनीच्या जलाशयाकडे जातात. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने तिकडून येणाऱ्या काही मंडळींच्या सहलीचा हेतू निराळा असतो; त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. आश्चर्य वाटते ते एवढेच, की भिलाडच्या बाजूने सिल्वासाकडे जाणारा जो तो प्रवासी नरोली गावातून जातो, आणि आपण कोणत्या गावातून गेलो हे शंभरात एखाद्यालाही ठाऊक नसते. नरोलीत दिसते काय, तर कारखाने, मालमोटारी, नव्या चाळी आणि दुकाने. थांबावेसे वाटण्याजोगे तेथे काही नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटणार. परंतु ज्या रस्त्याने आपण इतक्या निर्वेधपणे जातो, त्या भागातील वाटांच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षांहून अधिक काळ खटला चालला होता, आणि त्या खटल्याच्या मुळाशी पुण्याच्या दरबारात लिहिलेले मराठी कागद होते.

आधी ‘हवेली’ या शब्दाविषयी. पुष्कळ पाहुणे सिल्वासास गेल्यावर ‘ती हवेली कोठे आहे?’ असे विचारतात. कोणा सरदाराचा वाडा येथे शोधू नये. मोगल व मराठा अमदानीत परगण्याच्या मुख्य ठिकाणाभोवतालच्या मुलखाला हवेली म्हणत. पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचे नाव याच अर्थाचे आहे. तेव्हा नगर हवेली हे एका महसुली विभागाचे नाव होय, आणि या प्रदेशाची पुढची सारी कहाणीही महसुलाचीच आहे.

१७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाची एक पोर्तुगीज फ्रिगेट निकामी केली. तिच्या नुकसानभरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. तिकडे इंग्रजांशी युद्ध पेटलेले, अशा वेळी पोर्तुगीजांशी सलोखा राखणे पुणेकरांना सोयीचे होते. त्यातून १७७९ चा मैत्रीचा तह झाला. दमणच्या लगतच्या प्रदेशातून वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना तोडून द्यावीत असे त्यात ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि उणीव भरून काढण्यासाठी १७८५ मध्ये दादऱ्याची गावे त्यांच्या हाती गेली. पुणे दरबारातील पोर्तुगीजांचे वकील म्हणून या काळच्या कागदपत्रांत नारायण शेणवी धुमे यांचे नाव येते. गोव्याचे थोर इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पोर्तुगीज ग्रंथात, हिंदुस्थानातील दरबारांतून पोर्तुगीजांची वकिली करणाऱ्या अशा हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी गृहस्थांची कामगिरी साधार मांडली आहे.

आपल्या समाजातील वाचकांस हे वाचून थोडे अवघडल्यासारखे होईल. ज्या सत्तेने गोव्यात आपली देवळे पाडली, कुलदेवतांना नदीपार अंत्रुज महालात नेणे भाग पाडले, तिचीच वकिली आपल्यांपैकी काहींनी केली, ही गोष्ट लपवून काही मिळत नाही. भाषा येत होती, हिशेब येत होता, दोन्ही दरबारांची रीतभात ठाऊक होती; पोट त्यावरच होते. अठराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकाची देशनिष्ठा लावून पाहणे न्यायाचे होणार नाही. मात्र इतके खरे, की नगर हवेलीचा मुलूख तलवारीने गेला नाही. तो दौत-लेखणीने गेला, आणि पुढे परत येण्याच्या कामीही लेखणीचा वाटा लहान नव्हता.

पोर्तुगीजांनी हळूहळू महसुलाच्या हक्काचे राज्य केले. प्रारंभी त्यांचे ठाणे दरारा येथे होते. १८८५ मध्ये सिल्वासा या लहानशा खेड्याला शहराचा दर्जा देऊन त्याचे ‘व्हिला दि पासु द आर्कुश’ असे नामकरण करण्यात आले. हे भारदस्त नाव लोकांच्या जिभेवर मुळीच बसले नाही. खरी अडचण नावाची नव्हती, भूगोलाची होती. दमण समुद्रकाठी, दादरा आणि नगर हवेली आत, चोहोंकडून परक्या मुलखाने वेढलेली. दमणच्या गव्हर्नराला आपल्याच अंमलातील गावी जावयाचे तर मधले काही मैल आधी मराठ्यांच्या, मग इंग्रजांच्या, आणि १९४७ नंतर भारताच्या भूमीवरून जावे लागे. शिपाई, हत्यारे, दारूगोळा नेताना परवानगी घ्यावी लागे. वाट दुसऱ्याच्या हाती असलेले राज्य किती दिवस टिकणार?

ते १९५४ च्या पावसाळ्यात संपले. प्रथम दादरा. जुलैच्या २१–२२ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या मूठभर कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली तेथील पोलीस ठाण्यावर चाल केली. उपनिरीक्षक अनिसेतु रोझारियो या झटापटीत ठार झाला. विजयाच्या कथेत त्याचे नाव बहुधा गाळले जाते, गाळू नये. आपल्या ठाण्याशी तो इमानी राहिला होता.

त्यानंतर पाळी नरोलीची. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या स्वयंसेवकांनी २८ जुलैच्या रात्री ही चौकी हस्तगत केली. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, दत्तात्रेय देशपांडे हे गोमंतकीय. राजा वाकणकर, नाना काजरेकर हे संघाचे. संगीतकार सुधीर फडके हेही या मोहिमेत होते, आणि तिच्या खर्चासाठी पुण्यात लता मंगेशकरांचा गायनाचा कार्यक्रम झाला होता. स्वयंसेवकांचा तळ करंबेली येथे होता. भिलाड सोडल्यावर वापीच्या आधी लागणारे हे लहानसे स्थानक आजही गाडीच्या खिडकीतून दिसते. मुंबई-पुण्याकडची ही माणसे याच लोहमार्गाने आज सहलीस जाणाऱ्यांच्या वाटेवर होती; फरक इतकाच, की परतीचे तिकीट त्यांनी गृहीत धरले नव्हते.

नरोलीचे महत्त्व कशात आहे, हे नकाशा पाहिल्यावाचून कळत नाही. दादरा हा तुटक तुकडा होता. तो गेला तरी नगर हवेलीला धक्का लागत नव्हता. नरोली मात्र नगर हवेलीच्या अंगावरच, दमणगंगेच्या पश्चिमेकडचा उंबरठा. तो ओलांडला की पुढे नदी आणि नदीपार सिल्वासा. सह्याद्रीत, नाशिक जिल्ह्यात उगम पावून दमणला समुद्रास मिळणारी ही नदी जुलै-ऑगस्टात दुथडी भरलेली असते. सिल्वासात कॅप्टन व्हर्जिनियु फिदाल्गु दीडशेच्या आसपास पोलिसांसह होता. दादरा आणि नरोली अशा दोन्ही बाजूंनी लोक पुढे सरकले. पिपरियाची चौकी पडल्याचे पाहून सिल्वासातील पोलिसांचा धीर खचला, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. फिदाल्गु आतल्या रानात निसटला. ११ ऑगस्टला उधवा येथे त्याला शरण यावे लागले. सार्वजनिक सभेत अप्पासाहेब करमळकर यांची मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक म्हणून निवड झाली.

पोर्तुगालने आपली माणसे दमणहून पाठविण्यासाठी वाट मागितली. भारताने दिली नाही. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा दाखल केला. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. न्यायासनावर भारताने नेमलेले न्यायमूर्ती म. क. छागला होते. पोर्तुगालचे म्हणणे, १७७९ च्या तहाने आम्हांस या गावांचे सार्वभौमत्व मिळाले आणि त्याबरोबर वाटेचा हक्कही. भारताचे म्हणणे, मराठ्यांनी दिला तो सरंजाम; म्हणजे महसूल उपभोगण्याचा, आणि देणाऱ्याने मनात आणल्यास काढून घेता येणारा अधिकार. पेशव्यांच्या कारकुनाने लिहिलेल्या शब्दाचा अर्थ हॉलंडात बसून जगातील नामांकित न्यायाधीश लावीत होते! मोडी वाचणारे आज किती उरले आहेत, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. आपल्याकडे तो ‘भारत जिंकला’ एवढ्याच शब्दांत सांगितला जातो. ते पूर्ण खरे नाही. सरंजामाच्या बाबतीत न्यायालयाने भारताचे म्हणणे मानले: सार्वभौमत्व द्यावयाचे असते तेव्हा मराठे कायमस्वरूपी दानाचे स्पष्ट शब्द वापरीत, तसे या तहात नाहीत. परंतु पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मानली, हेही न्यायालयाने सांगितले. आणि खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना जाऊ देण्याचा प्रघात इतका दीर्घ होता की १९५४ मध्ये पोर्तुगालला तेवढ्यापुरता वाटेचा हक्क होता, असा निर्णय ११ विरुद्ध ४ मतांनी दिला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क मात्र नाही. हे ८ विरुद्ध ७ मतांनी, म्हणजे केवळ एका मताने ठरले. वाट अडविण्यात भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. आठवे मत तिकडे पडते तर नरोलीचे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मधली सात वर्षे हा प्रदेश कोणाचाच नव्हता असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा स्वतःचा होता. वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने कारभार चाले. १९६१ मध्ये पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. त्यासाठी करारावर सही करणारा कोणी राष्ट्रप्रमुखाच्या तोलाचा माणूस हवा, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी व पंडित नेहरूंनी सह्या केल्या. ११ ऑगस्ट १९६१ पासून, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोव्याची सुटका त्यानंतर चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला झाली. नरोली गोव्याच्या आधी सात वर्षे मोकळी झाली होती, हे गोमंतकीयांनी तरी विसरू नये. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडला गेला असून मुख्यालय दमणला आहे. एके काळी दमण आणि नगर हवेली यांमधील ज्या वाटेवरून एवढे रामायण घडले, तिची दोन्ही टोके आता एकाच प्रशासनाखाली आहेत.

एका दिवसात हे सारे पाहून परतणे मुंबईकरास अवघड नाही. अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक. उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. पुढे घोलवड, उंबरगाव, पारशांच्या परंपरेत पूज्य असलेले संजाण, आणि मग भिलाड, यासाठी लांब पल्ल्याची पॅसेंजर किंवा एक्सप्रेस धरावी लागते. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. जुन्या मंडळींच्या घरी आजही मराठी ऐकू येते. भिलाडहून नरोली अगदी जवळ. नरोलीपासून अथाळच्या बाजूने दमणगंगा ओलांडली की सिल्वासा. तेथील आदिवासी संग्रहालयात वारली, धोडिया, कोकणा लोकांची वाद्ये, अवजारे व दागिने पाहावयास मिळतात. कोकणा लोकांची बोली ऐकून आपल्या कोंकणी वाचकांनी मात्र फसू नये. नाव सारखे असले तरी ती निराळी आहे, मराठी व गुजराती यांच्या सीमेवर वाढलेली. या लोकांची नावे १९५४ च्या वृत्तांतांत क्वचितच आढळतात. जमीन मात्र त्यांचीच होती, आणि सनदा कोणाच्याही असोत, महसूल त्यांच्याच घामातून निघत होता.

देवदर्शनावाचून परतणे ज्यांना रुचणार नाही त्यांनी बिंद्राबिन येथे साकरतोड नदीकाठी ताडकेश्वर महादेवाचे दर्शन घ्यावे. जागा रम्य आहे, पाणी असते, आणि डबा सोडावयास सावली आहे. श्रावणात सोमवारी गर्दी होते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचलेले बरे. नरोली मात्र २८ जुलैच्या आसपास पाहावी. त्या दिवसांत भाताची लावणी चाललेली असते, आणि त्या रात्री स्वयंसेवकांपुढे पाऊस कसा होता याचा अदमास पुलावरून दमणगंगेकडे पाहिले की येतो.