सिनेबेंचच्या आकड्याचं कूळ

ग्राफिक्सच्या कामासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की प्रोसेसरच्या तुलनेत ‘सिनेबेंच’ हे नाव येतंच. अमुक चिपला इतके गुण, तमुक चिपला तितके. हे गुण ज्या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या पोटी जन्मले, ते ‘सिनेमा फोरडी’ मात्र आकडे तोंडपाठ असणाऱ्या बहुतेकांनी कधी उघडलेलंही नसतं.

मूळ आहे जर्मनीत. फिलिप आणि क्रिस्टियन लोश या भावांनी १९९० मध्ये अमिगा संगणकासाठी ‘फास्टरे’ नावाचा रे ट्रेसिंगचा प्रोग्रॅम लिहिला. एका संगणक मासिकाच्या स्पर्धेत तो जिंकला, त्यातून मॅक्सॉन या कंपनीशी त्यांची गाठ पडली आणि १९९३ मध्ये सिनेमा फोरडी बाजारात आलं. ‘फास्ट’ हे नाव उगाच नव्हतं. रे ट्रेसिंगमध्ये चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी डोळ्याकडून दृश्यात उलटा किरण सोडायचा, तो कशावर आपटतो, तिथून कुठे वळतो, हे सगळं गणिताने काढायचं. टर्नर व्हिटेड यांनी १९८० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधासाठी चेंडूंचं एक चित्र काढलं, त्याला तेव्हाच्या व्हॅक्स संगणकावर तासाहून जास्त वेळ लागला होता. थ्रीडी कलाकाराचा अर्धा जन्म वाट बघण्यात जायचा. त्यामुळे कुठलं यंत्र हे गणित किती लवकर सोडवेल, हा प्रश्न धंद्याचाच होता. त्याचं उत्तर म्हणून मॅक्सॉनने हे गणित करून चित्र काढणारं आपलं रेंडर इंजिन वेगळं काढून फुकट वाटलं. तेच सिनेबेंच.

हे इंजिन मापाला सोयीचं ठरलं ते कामाच्या वाटणीमुळे. चित्राचे चौकोन पाडायचे आणि प्रोसेसरमधल्या एकेका कोरला द्यायचे. मोठी रांगोळी दहा जणींनी आपापला कोपरा धरून भरावी तसं. कुणी कुणासाठी फारसं अडून राहत नाही. कोर वाढले की गुण वाढतात. शिवाय चौकोन भरताना पडद्यावर दिसतात, म्हणून जाहिरातीलाही ते झकास.

प्रोसेसर कंपन्यांनी ते हेरलं नसतं तरच नवल. जून २०१८ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलने २८ कोरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून सिनेबेंचच्या आर१५ या आवृत्तीत ७,३३४ गुण दाखवले. टेबलाखाली पाणी गार करणारा औद्योगिक चिलर होता, हे नंतर उघड झालं. पुढच्याच वर्षी, प्रतिस्पर्धी एएमडीचे आकडे चढू लागल्यावर, इंटेल सांगू लागली की सिनेबेंच म्हणजे काही रोजचं काम नव्हे. मुद्दा खरा होता. मुहूर्त तेवढा सोयीचा.

लॅपटॉपवर तर हा आकडा जपूनच वाचावा. पातळ लॅपटॉपची चिप सुरुवातीला जास्त वीज ओढून जोरात पळते, मग तापते आणि वेग उतरतो. आर१५ चं चित्र नव्या चिप इतक्या झटपट संपवायच्या की दम लागायची वेळच यायची नाही. २०२० च्या आर२३ मध्ये सर्व कोरची चाचणी मुळातच दहा मिनिटं चालेल अशी ठेवली, ती यासाठीच. माझ्या मते लॅपटॉपच्या बाबतीत ही दहा मिनिटंच महत्त्वाची. आवृत्ती बदलली की गुणांचं मापही बदलतं, म्हणून आर१५ चे गुण आर२३ शेजारी ठेवू नयेत.

सगळे कोर जुंपणारा हा आकडा शेवटच्या रेंडरचा आहे. मॉडेल फिरवणं, त्याला आकार देणं, एकेक बदल करून बघणं, यात कलाकाराचा दिवस जातो आणि तिथे बऱ्याचदा एकच कोर राबत असतो. त्यासाठी सिनेबेंचचाच एका कोरचा आकडा पाहावा. तो जाहिरातीत सहसा लहान अक्षरांत असतो. ग्राफिक्स कार्डाची चाचणी आर१५ मध्ये होती, २०१९ च्या आर२० मध्ये ती काढून टाकली. त्याच वर्षी मॅक्सॉनने रेडशिफ्ट हे कार्डावर चालणारं रेंडर इंजिन विकत घेतलं, आणि ‘सिनेबेंच २०२४’ पासून प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही त्याच इंजिनावर तोललं जातं.