मालाला धक्का, माणसाला पायरी

यावलहून रेल्वे गाठायची म्हणजे आधी रस्त्याने भुसावळला जाणे आले. हा प्रवास आपण सर्वांनीच केला आहे. परंतु चाकखुर्चीवर बसणाऱ्या मनुष्याला तो कसा घडतो, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल? उंच पायऱ्यांच्या बसच्या दाराशी तो आला की दोघे त्याच्या काखेत हात घालतात, तिसरा पाय धरतो, आणि खुर्ची घडी घालून कोठेतरी सारली जाते. उचलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण आमची हयात हमाल आणि वाहतूक कामगारांच्या संघटनेत गेली. त्यामुळे आम्हांला प्रश्न पडतो तो असा : मालाची चढउतार तरी अशी होते काय?

होत नाही. रेल्वेचा मालधक्का वाघिणीच्या जमिनीशी मिळता बांधतात. बाजारात ट्रकला फळी लावतात. पोते फुटले तर कोणाचे किती नुकसान, हा हिशेब व्यापाऱ्याने केव्हाच केला. पुढे लढे होऊन १९६९ साली माथाडी कायदा आला, आणि पोते वाहणाऱ्या पाठीचाही विचार झाला. मालाला धक्का मिळाला. माणसाला मात्र पायरीच राहिली.

याचे कारण गाडीच्या जन्मात आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. तिने खेडी जोडली, हे उपकार मोठे आहेत. पण आपल्याकडील बसगाड्या कित्येक दशके ट्रकच्याच सांगाड्यावर बांधल्या गेल्या. साहजिकच जमीन उंच झाली. इमारतीच्या उताराचा रूढ नियम असा की, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. बसची जमीन तीन फूट उंच धरली तर छत्तीस फुटांची फळी लागेल. म्हणजे जवळजवळ बसएवढीच! तेव्हा नुसती फळी आणून भागत नाही. एक तर जमीन खाली आणावी, नाही तर फलाट वर न्यावा, नाही तर यांत्रिक पाळणा बसवावा. खालच्या जमिनीच्या शहरी बसची उंची सुमारे ४०० मिलिमीटर असते. ती पदपथाला लागली की चार फुटांची फळीही पुरते.

ही गोष्ट कोठेही आपोआप घडलेली नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ५ जुलै १९७८ रोजी चाकखुर्चीवरील एकोणीस माणसांनी भर चौकात बसगाड्या अडविल्या आणि रात्रभर तेथेच ठाण मांडले. अशा अनेक लढ्यांनंतर १९९० साली तेथे कायदा झाला आणि सार्वजनिक सेवेच्या नव्या बसला पाळणा किंवा फळी सक्तीची ठरली.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने गाड्या सुलभ करण्यास सांगितले. पण वाहतूक संस्थेच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'! या तीन शब्दांच्या आड वीस वर्षे गेली. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. २०१६ साली नवा कायदा आला. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा.

तथापि कायदा फळी लावीत नाही. ती हातांनी लावावी लागते. हे काम शिकण्याजोगे आहे. प्रथम प्रवाशाला विचारावे, कारण आपली खुर्ची त्यालाच ठाऊक असते. फळीची दोन्ही टोके घट्ट बसली की नाही, ते पाहावे. चढताना खुर्चीचे तोंड गाडीकडे असावे व आपण मागे राहावे. उतरताना खुर्ची उलटी घ्यावी आणि आपण खालच्या बाजूस उभे राहावे, म्हणजे प्रवासी पुढे कोसळत नाही. हातांच्या किंवा पायांच्या आधाराला धरून खुर्ची उचलू नये. ते भाग निखळून हातात येतात. आत गेल्यावर चाके अडकवून पट्टा बांधावा, आणि मगच घंटी द्यावी.

या सर्वाला काही मिनिटे लागतात. ती वेळापत्रकात धरलेली नसतील, तर उशिराचा ठपका वाहकावर येतो. मग तो चाकखुर्ची दिसताच नजर चुकवितो. म्हणून प्रवाशाचा हक्क आणि कामगाराची मागणी ही एकच मागणी आहे : फळी द्या, ती लावण्याचे शिक्षण द्या आणि त्यासाठी वेळ द्या.

१९३६ साली याच तालुक्यातील फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. राजकारण शहरांतच राहिले तर ते अर्धे राहते, हे तेव्हा जाणत्यांना पटले होते. खालच्या जमिनीच्या गाड्या आज मोठ्या शहरांत दिसतात. त्या सातपुड्याच्या पायथ्याशी येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, आपल्या स्थानकातील एक फलाट बसच्या जमिनीएवढा उंच करून त्याला बेताचा उतार द्यावा, अशी मागणी आपण आजच करू शकतो. मालधक्का बांधणाऱ्या देशाला हे बांधकाम नवे नाही.