शेंड्यांवरचा साकव

घानाच्या केप कोस्ट या किनाऱ्यावरच्या गावात येणारा प्रवासी आधी गुलामांच्या व्यापाराचा किल्ला पाहतो आणि मग उत्तरेला तीसेक किलोमीटरवरच्या काकुमच्या वर्षावनात जातो. तिथे झाडांच्या शेंड्यांतून सात झुलते पूल टांगलेले आहेत. एकूण लांबी ३५० मीटर, उंची काही ठिकाणी जवळजवळ ४० मीटर. हे पूल १९९५ साली खुले झाले. आज अशा पुलांवर जगात ठिकठिकाणी जंगल-पर्यटनाचं पोट भरतं, पण त्यांचं कूळ पर्यटनातलं नाही.

वर्षावनाचा खरा संसार वर असतो. फुलं, फळं, माकडं, असंख्य किडे, सगळं वर. खाली काळोख आणि पालापाचोळा. अभ्यासकांच्या हाती यायचं ते बहुतेक गळून पडलेलं. १९२९ साली ब्रिटिश गयानात गेलेल्या ऑक्सफर्डच्या मोहिमेनं वर चढायचा चंग बांधला. तिचे प्रमुख मेजर हिंग्स्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेचे वैद्यही तेच होते. त्यांनी दोरी फेकणारी बंदूक वापरून फांद्यांवरून दोर टाकले आणि माणसं वर पोहोचवली. पण माणूस चढला त्याच झाडाशी अडकून राहायचा. कोकणात सुपारी काढणारा गडी पोफळ हेलावून शेजारच्या पोफळीवर जातो. वर्षावनातले अवाढव्य वृक्ष काही तसे हेलावत नाहीत. झाडाला झाड जोडायचं तर पूलच हवा. मलेशियात मूल आणि लिम या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी असा मार्ग टांगला आणि १९७० साली ‘सायन्स’मध्ये ती पद्धत मांडली. कोणता प्राणी किती उंचीवर राहतो, हे त्यांना पाहायचं होतं.

काकुमला हीच युक्ती प्रवाशांसाठी वापरली. पायाखाली ॲल्युमिनियमची आडवी शिडी, तिच्यावर जेमतेम पाऊल मावेल एवढी फळी, दोन्ही बाजूंना जाळी आणि सगळा भार पोलादी दोरांवर. दोर झाडांना वेढे देऊन बांधलेले. माणूस चालू लागला की फळी करकरते आणि मागच्याचं पाऊल आपल्या गुडघ्यांत जाणवतं.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुलाचे खांब, म्हणजे ही झाडंच. काकुम राखीव रान होतं तेव्हाही तिथे लाकूडतोड चालायची. राष्ट्रीय उद्यान झालं ते १९९२ मध्ये. करवतीला जी जाडजूड झाडं हवी होती, तीच आज पूल पेलून उभी आहेत आणि उभ्यानंच पैसा मिळवून देतात. केप कोस्टला पाणी पुरवणारी काकुम नदीही याच रानातून येते, म्हणून ही कमाई तिकिटापुरती मोजू नये.

एक गोष्ट मात्र खटकते. दिवसा पुलावर इतका आरडाओरडा असतो की माकडं दूर निघून जातात. प्राणी पाहायला बांधलेल्या वाटेवर प्राणीच दिसू नयेत, हे बरं नाही. भल्या पहाटे, मोजक्या माणसांनाच वर सोडण्याचा रिवाज तिथे वाढायला हवा, मग तिकीट थोडं महागलं तरी चालेल.