जीसीसी बांधणीतील त्रुटी
लिनक्स प्रणाली सोर्स कोडपासून उभारताना जीसीसी या कंपायलरच्या बांधणीत येणारे अडथळे. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ प्रकल्पाच्या पद्धतीत जीसीसी टप्प्याटप्प्याने तीनदा बांधतात. जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या गणिती लायब्ररी न सापडल्यास बांधणीपूर्व तपासणीचा ‘कॉन्फिगर’ टप्पाच अडतो. त्याचे कारण बहुधा ‘कॉन्फिग.लॉग’ फाइलीत मिळते. अनेक कामे समांतर चालू असताना ‘मेक’ या बांधणी करणाऱ्या आज्ञेच्या शेवटच्या ओळीवरून मूळ दोष कळत नाही. नोंदींतील पहिली त्रुटी शोधावी किंवा मेक एकेका कामाने पुन्हा चालवावे. कंपायलर मध्येच ‘किल्ड’ झाल्यास मेमरी अपुरी पडल्याचा संशय घ्यावा. अर्धवट बांधणीचे अवशेष नव्या त्रुटी निर्माण करतात. म्हणून जुनी डिरेक्टरी पुसून, सोर्स कोडचा टारबॉल (संग्रह-फाइल) नव्याने उलगडून, वेगळ्या डिरेक्टरीत बांधणी करतात.